ज्याचा त्याचा नांगर

जामखेडात भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकानं मला पहिला प्रश्न विचारला तो असा : "खोकला आहे का?"

मी म्हटलं, नाही. मग त्यांनी विचारलं, वडील हयात आहेत का, आजोबा कितव्या वर्षी गेले, घराण्यात कुणाला दमा, क्षय, काही व्यसन. मी बिऱ्हाड बघायला आलो होतो, सोयरीक जमवायला नव्हे. शिवाय नगरहून येणाऱ्या मोटारीनं माझी हाडं आधीच खिळखिळी केली होती. तरी दातओठ खाऊन उत्तरं दिली. आजोबा नव्वदीला टेकून मग गेले हे ऐकल्यावर गृहस्थांचा चेहरा फुलला. भाड्याचं नंतर बघू म्हणाले, आधी सही करून दाखवा. मी केली. ती त्यांनी उजेडाकडे धरून पाहिली, उलटी करून पाहिली, आणि म्हणाले, "वाचता येते. राहा."

हे नरहरपंत. रजिस्ट्रार कचेरीसमोरच्या लिंबाखाली ते लोकांचे दस्त लिहायचे. खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, काय लागेल ते. मी नवा शाळामास्तर, तरुण, धडधाकट, सही करणारा. खोली मला मिळाली नव्हती, ती माझ्या आयुर्मानाला मिळाली होती. मृत्युपत्रावर साक्षीदार म्हातारा घेऊ नये हा पंतांचा हट्ट होता. कागद करणारा सत्तरीचा आणि साक्षीदार पंच्याहत्तरीचे, म्हणजे कागद उघडायची वेळ येते तेव्हा तिघंही वर जाऊन बसलेले, असं ते म्हणायचे. त्यामुळे पुढची सहा-सात वर्षं मी गावाचा कायमचा साक्षीदार झालो. जेवताना उठवलं, वर्गातून बोलावलं, एकदा तर अर्धी दाढी झालेली असताना नेलं. मी चिडायचो. चिडून जायचो, पण जायचो.

लिंबाखाली बसायचे असं लोक म्हणत, पण पंत बसलेले मी क्वचितच पाहिले. चार ओळी लिहिल्या की उठायचे, झाडाला एक फेरी मारायचे, पुन्हा चार ओळी. घरी जेवणसुद्धा उभ्यानं. यमुनाकाकू, त्यांच्या पत्नी, भाकरी घेऊन मागं मागं फिरायच्या आणि म्हणायच्या, अहो, घोडासुद्धा तोबऱ्याला उभा राहतो. उंच, हडकुळा माणूस, धोतराचा काचा कायम सुटत आलेला. आणि त्यांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट कधी स्वस्थ नसायचं. मांडीवर, भिंतीवर, ओट्यावरच्या धुळीत ते काहीतरी काढत राहायचं, पुसायचं, पुन्हा काढायचं. काय काढतात ते मला कित्येक महिने कळलं नाही.

लोक भेटले की रामराम घालतात. पंत विचारायचे, "लिहिलंत का?" म्हणजे मृत्युपत्र लिहिलंत का. हा शब्द लोकांना आवडत नाही म्हणून ते व्यवस्थापत्र म्हणायचे, पण त्यानं कुणी फसत नसे. एका लग्नात त्यांनी नवरीच्या आजोबांना पंक्तीत, बुंदीचा घास तोंडात असताना हा प्रश्न केला. म्हातारा ठसकला, बायका धावल्या, पाणी आणलं, आणि नवरीच्या मामानं पंतांना दंडाला धरून मांडवाबाहेर आणलं. पंतांना त्याचं काही नाही. ते बाहेरून ओरडून सांगत होते की ठसका लागला ना, म्हणूनच विचारतोय. त्या आजोबांनी पुढच्याच आठवड्यात येऊन कागद केला, हेही सांगायला हवं. मामानं मात्र पुढं वर्षभर पंतांना पाहून रस्ता बदलला.

कागद करायला आलेल्या माणसाला ते सुखानं बसू देत नसत. पहिला प्रश्न, वडिलार्जित किती आणि स्वतः कमावलेलं किती. वडिलार्जित म्हटलं की हात झटकायचे. एक पाटील धाकट्या मुलाला सगळं शेत द्यायला निघाला होता. पंत त्याला म्हणाले, अरे, ते तुझं कधी होतं? पोरं जन्मली त्या दिवशी त्यांचा हिस्सा पडला, आधी वाटणी कर, मग तुझ्या वाट्याचं काय ते बोल. दुसरा प्रश्न त्यांचा स्वतःचा होता, तो कायद्यात कुठं नसावा. "तुमच्यामागं बायको कुठं निजेल? चूल कोणती पेटवील?" भलेभले इथं अडकायचे. सगळं मुलांच्या नावे करून मोकळा झालेला माणूस डोकं खाजवायचा आणि म्हणायचा, पोरं बघतील की. पंत म्हणायचे, बघतील, पण कुठल्या खोलीतून बघतील ते लिही. मग माजघर, परसातली पडवी, पाण्याचा हंडा, एक दुभतं जनावर, असं एकेक लिहून निघायचं. शिंगणापूरच्या एका भाविकानं त्यांना एकदा ऐकवलं, आमच्या गावात घरांना दारंसुद्धा नाहीत, आम्हाला कागद कशाला? पंत म्हणाले, दार नसलं तरी चालेल, साक्षीदार दोन पाहिजेत.

आणि एक गोष्ट होती, ती मात्र वेडेपणाच्या हद्दीतली.

आपल्याकडे लिहिता न येणारा माणूस सहीच्या जागी निशाणी करतो. बाईची निशाणी बांगडी, शेतकऱ्याची नांगर. रीत अशी की निशाणी लिहिणारानंच काढायची, आणि ज्याची निशाणी त्यानं कलमाच्या टोकाला नुसतं बोट लावायचं. कलमाला हात लावला की झालं काम. अख्खा मुलूख असंच करत आला. पंत करत नसत. ते नांगर काढायचेच नाहीत. ज्याचा नांगर त्यानं काढायचा. कागद राहिला तर राहिला, मोटार गेली तर गेली. माझ्या शाळेतल्या तीन पाट्या त्यांनी नेल्या होत्या, परत आणल्या नाहीत. बाजारच्या आदल्या दिवशी ओट्यावर साठ-साठ वर्षांचे बाप्ये मांडीवर पाटी घेऊन नांगर गिरवत बसलेले असायचे. माझ्या वर्गापेक्षा तिथं शिस्त जास्त होती.

त्यात एक गेनबा होता. शेजारच्या वाडीचा, काळा, रुंद हाडाचा, अबोल. याला कसलाच कागद करायचा नव्हता. तरी आठवड्याला यायचा, पाटी घ्यायचा, फाळ काढायचा, रुमणं काढायचं, म्हणजे मागची धरायची मूठ, ते हमखास चुकायचं, मग थुंकीनं पुसून पुन्हा. मला एकदा म्हणाला, "मास्तर, नांगर धरायला आठ दिवसांत शिकलो हुतो. काढायला लई वरसं लागत्यात." मी म्हटलं, तुला काढायचा आहे कशासाठी? त्यानं पंतांकडे पाहिलं. पंत उठून झाडाकडे गेले.

मला ही भानगड सांगितली ती काकूंनी. बाजारचा दिवस होता. बाजारच्या दिवशी पंत घरात नसायचेच. लिंबाखालीही नसायचे. खरं गिऱ्हाईक असतं ते त्याच दिवशी, आणि हा माणूस नेमका त्याच दिवशी सकाळी खर्ड्याच्या रस्त्यानं चालत सुटायचा तो ऊन उतरल्यावर यायचा. मी काकूंना विचारलं, पंत जातात कुठं? त्या तांदूळ निवडत होत्या. त्यांनी दाराबाहेर बोट दाखवलं. तिथं पायरीला टेकून एक बाई मेथीची पाटी घेऊन बसली होती. चाळिशीची असेल. कपाळ मोकळं.

"भागीरथी," काकू म्हणाल्या. "हिच्यापासून पळतात."

हकिगत अशी. भागीरथीबाईचा नवरा धाकटा मुलगा. त्याच्या बापानं स्वतःच्या कमाईतून ओढ्याकाठी एक माळरान घेतलं होतं. त्यात नवरा-बायकोनं मिळून विहीर खणली. तो खाली पहार चालवायचा, ही वर दगडमातीच्या पाट्या ओढायची. पाणी लागलं, बागायत झाली, आणि दोन वर्षांत तो तापानं गेला. पोर नाही, बाळ नाही. म्हाताऱ्या सासऱ्याला कळत होतं की आपण डोळे मिटले की थोरला मुलगा सगळं घेणार आणि सुनेला पोटाला तुकडा टाकणार. त्यानं तरण्या नरहरपंतांना बोलावलं आणि विहिरीचा तुकडा सुनेच्या नावे करणारं मृत्युपत्र लिहून घेतलं. साक्षीदार दोन शेजारी. त्यातला एक गेनबा.

कागद उत्तम झाला. पंतांचं अक्षर मोत्यासारखं आणि नांगर तर त्याहून देखणा, असं काकू म्हणाल्या, लोक कागद दुसऱ्याला दाखवायचे नांगरासाठी. त्या दिवशी सगळ्यांना पेरणीची घाई होती. पंतांनी एका हातानं तीन नांगर काढले, एक सासऱ्याचा, दोन साक्षीदारांचे. तिघांनी कलमाला हात लावला आणि गेले. पण कायदा नुकताच बदलला होता. कागद करणाराची निशाणी त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्यानं काढली तर चालते, साक्षीदाराची चालत नाही. साक्षीदारानं आपली सही नाहीतर निशाणी आपल्या हातानंच करायला हवी. पंतांना हे माहीत नव्हतं का? काकू म्हणाल्या, वाचलं होतं हो, पण हाताला सवय रीतीची.

सासरा गेला. थोरल्यानं दावा लावला. नगरच्या कोर्टात त्याच्या वकिलानं कागद न्यायाधीशांपुढं ठेवला आणि म्हणाला, तीन माणसं आणि तिन्ही नांगर सारखे, रुमण्याचं वळणसुद्धा एक. मग गेनबाला पिंजऱ्यात उभा केला आणि विचारलं, हा नांगर कुणी काढला? गेनबानं शपथ घेतली होती. तो म्हणाला, "पंतांनी."

झालं. एका शब्दात कागद पडला. भागीरथीबाई दिराच्या पडवीत गेली आणि दुसऱ्याच्या रानात खुरपायला लागली. पंतांनी त्यानंतर कुणाचा नांगर काढला नाही. काढला तो मांडीवर, भिंतीवर, धुळीत. त्यांचं बोट काय काढत होतं ते मला त्या दिवशी कळलं आणि त्यांच्यावर चिडायची माझी सोयच गेली.

पण गोष्ट इथं संपत नाही. पुढं त्या दिराला मुंबईला गिरणीत जायचं होतं, त्यानं विहिरीचा तुकडा विकायला काढला. तो पंतांनी घेतला. काकूंनी हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या, त्याचं त्यांना काही वाटलं नाही, उलट बोलताना मनगट चोळत म्हणाल्या की मलाही तिच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. पंत त्याच संध्याकाळी बक्षीसपत्र लिहून भागीरथीबाईकडे गेले. तिनं दारातच अडवलं. म्हणाली, माझं हुतं ते कोर्टात गेलं. आता तुमी इकत घेतलं, ते तुमचं. मला दान नको. बक्षीसपत्र घेणाऱ्यानं घेतलं तरच पुरं होतं. तिनं अंगठा दिला नाही. पंत परत आले ते जे चालायला लागले ते थांबलेच नाहीत. तुकडा वाट्यानं दुसऱ्याला लावला. त्या वाटेकऱ्याकडं भागीरथीबाई रोजानं खुरपायला जायची, आपल्याच विहिरीवर. तिथलीच मेथी आणून आमच्या पायरीवर विकायची. बाईचा स्वाभिमान म्हणावा की सूड, मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी पंतांना गाठलं. त्यांच्याच प्रश्नानं गाठलं. म्हटलं, लिहिलंत का? मृत्युपत्राला घेणाऱ्याची सही लागत नाही, तुम्हीच सगळ्या गावाला शिकवता. घर काकूंना आणि तुकडा तिला, चार ओळींचं काम.

ते ओसरीत फेऱ्या घालत होते, थांबले. मग सांगायला लागले की लिहितो, पाच-सहा वेळा लिहिलं आणि फाडलं. तिनं मागाहून नाही म्हटलं तर? ती म्हणेल मेल्यावर उपकार केले. आधी तिला सांगायला पाहिजे, आणि तिच्यापुढं उभं राहवत नाही. आणि शिवाय, मास्तर, मी लिहिलेला कागद तिनं एकदा पाहिलाय.

अख्ख्या तालुक्याला मरणाची आठवण करून देणारा माणूस स्वतःचा कागद वर्षानुवर्षं फाडत होता, आणि मला त्याची घाई लागून राहिली. पुण्याला त्यांचा पुतण्या होता, सरकारी खात्यात. मूलबाळ नसलेल्या काकांचं सगळं काकूंच्या पाठीमागं आपल्याकडंच येणार हे त्यानं धरून ठेवलं होतं. दिवाळीला यायचा आणि विहिरीच्या तुकड्यावर फिरून यायचा, झाडं मोजायचा. पंतांचा कागद झाला नाही तर त्या बाईची विहीर दुसऱ्यांदा जाणार होती, आणि हे पंतांना माझ्याहून जास्त कळत होतं. म्हणूनच बिचारे एका जागी बसू शकत नव्हते.

मग त्यांना सक्तीनं बसवलं गेलं. स्वातंत्र्य मिळून गेलं होतं, निजामाच्या हद्दीतून माणसं बैलगाड्या भरून आमच्या बाजूला येत होती, गावात कुणालाच स्वस्थता नव्हती. येणाऱ्यांचे कागद हरवलेले, जळलेले. पंत दिवसभर त्यांचे अर्ज लिहायचे, फुकट. एका सकाळी लिंबाखाली लिहितानाच टाक हातातून पडला. उजवं अंग गेलं. वाचा गेली ती आठवड्याभरानं थोडी परतली, पण शब्द ओले होऊन यायचे, लक्ष देऊन ऐकावे लागायचे. डोकं लख्ख होतं. ते डोळ्यांत दिसायचं, आणि म्हणून त्या डोळ्यांकडे बघवत नसे.

पुतण्या आला. काकूंना म्हणाला, आता काकांना काही विचारू नका, त्यांना काही समजत नाही. डॉक्टरांकडून तसं लिहून घेऊ का, असंही म्हणाला. सभ्यपणानं म्हणाला, आवाज न चढवता. तो परत पुण्याला गेला त्या दिवशी पंतांनी डाव्या हातानं मला खूण केली. मी जवळ गेलो. म्हणाले, "पाटी."

डाव्या हातानं त्यांनी आपलं नाव लिहायला घेतलं. न येई, र येई, ह फुटायचा. ज्या माणसाचं अक्षर बघायला लोक यायचे त्याच्या पाटीवर कावळ्याचे पाय उमटत होते. मी म्हटलं, अंगठा पुरे पंत, कायद्याला अंगठा चालतो. त्यांनी मान हलवली. मग एकेक शब्द जुळवत जे सांगितलं ते असं की अंगठा कुणीही धरून उठवतं. आजारी माणसाचा तर फारच. उद्या पुतण्या हेच म्हणेल.

आणि मग नांगर गिरवायला लागले. फाळ, दांडा, रुमणं. दिवसचे दिवस. गेनबा यायचा आणि समोर बसायचा. आता शिकवणारा तो होता. आपल्या पाटीवर हळूहळू एकेक रेघ काढायचा आणि पाटी पंतांकडे फिरवायचा. चुकलं तर पुसायचं फडकं पुढं करायचा. मी सहा-सात वर्षं या दोघांना ओळखत होतो, पण दोघं एकत्र स्वस्थ बसलेले तेव्हाच पाहिले.

कागद मी लिहिला, त्यांनी सांगितला तसा. घर यमुनाकाकूंना, ओसरी आणि पेटती चूल त्यांचीच. ओढ्याकाठचा तुकडा विहिरीसह भागीरथीबाईला. रजिस्ट्रार घरी आले. त्यांनी पंतांना प्रश्न विचारले, तुकडा कुणाला, का, पुतण्याला का नाही. पंतांनी सगळ्यांची उत्तरं दिली, वेळ लागला पण दिली. साक्षीदार मी आणि दुसरा कोण? दुसरा म्हणून मी शाळेतला एक तरुण मास्तर आणून ठेवला होता. गेनबा उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "पंत, मला घ्या. माझ्या तोंडून गेलंय ते." गेनबा पासष्टीचा. पंतांचा नियम होता. पंतांनी डोळे मिटले आणि मान डोलावली. त्या तरुण मास्तराला मी चहा पाजून परत पाठवला.

पंतांना तक्क्याला टेकवून बसवलं. कागद फळीवर. डाव्या हातात टाक. मी सवयीनं त्यांच्या मनगटाखाली हात द्यायला गेलो तर त्यांनी असा डोळा वटारला की मी दोन पावलं मागं सरकलो. फाळ निघाला. मग थांबले, दम घेतला. दांडा निघाला. रजिस्ट्रारांनी घड्याळ काढलं आणि परत खिशात ठेवलं. रुमण्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. रेघ खाली घसरली, परत वर आली, शाईचा एक ठिपका पडला. काकू स्वैंपाकघराच्या दारात पदर तोंडात धरून रडत होत्या. मीही रडत होतो, त्यात लपवायचं काय? मग पंतांनी रजिस्ट्रारांच्या वहीत अंगठाही दिला. मी सही केली. गेनबानं त्याखाली आपला नांगर काढला, जाड, बुटका, मुकाट्यानं.

पुढच्या बाजारच्या दिवशी भागीरथीबाई आली. त्या दिवशी पंत ओट्यावर खाटेवर होते आणि त्यांना कुठं जाता येणार नव्हतं. मला ते आधी सुचलंच नाही, नाहीतर मी खाट आत घेतली असती. तिनं पाटी उतरवली, पायरीवर न बसता वर आली आणि खाटेपाशी बसली.

"पंत," ती म्हणाली, "आज पळाला न्हाईत."

पंतांच्या तोंडाची एक बाजू हलली. हसत होते.

"कागद केलाय म्हनं माज्या नावानं. गेनबादादा म्हनला. आन् मी न्हाई म्हनले तर?"

पंतांनी उत्तराला वेळ घेतला. मला वाटलं, शब्द सापडत नाहीत. पण सापडले होते, ते नीट यावेत म्हणून थांबले होते. म्हणाले, "मी मेल्यावर म्हण."

ती हसली. हसता हसता तिनं डोळ्यांना पदर लावला आणि बराच वेळ काढला नाही. मग खाटेवरची पाटी उचलून तिच्यावरचा नांगर पाहिला, म्हणाली, रुमणं वाकडं हाय की वो. आणि त्यांच्या उशाशी मेथीची जुडी ठेवून गेली. त्याच महिन्यात माझी तिसगावला बदली झाली. निघालो त्या सकाळी मोटारीतून मागं वळून पाहिलं तेव्हा पंत ओट्यावर होते, मांडीवर पाटी, डावा हात पाटीवर ठेवलेला. तो हलत नव्हता. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

ते गेल्याचं पत्र काकूंनी पाठवलं, आणि पुढं सालाभरात नगरच्या कोर्टाचं समन्स आलं. पुतण्यानं दावा लावला होता, काकांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, कागद दुसऱ्यांनी उरकला. मी साक्ष दिली, वाचता येणारी सही ओळखली. निकाल पुढं भागीरथीबाईच्या बाजूनं लागला ते सांगून टाकतो. तुकडा तिनं घेतला, विहिरीवर तिची मोट चालू झाली. मला सांगायचं आहे ते गेनबाचं.

त्याच कोर्टात, बहुतेक त्याच पिंजऱ्यात तो उभा होता. भागीरथीबाई मागं भिंतीला टेकून उभी होती. ती नाही म्हणायला आली नव्हती. वकिलानं खालचा नांगर दाखवून विचारलं, हा कुणाचा? माझा. कुणी काढला? मी. काढून दाखवा. गेनबानं कोऱ्या कागदावर तसाच जाड, बुटका नांगर काढला. वकील जरा हिरमुसला. मग त्यानं वरच्या वाकड्या नांगराखाली बोट ठेवलं, शाईचा ठिपका न्यायाधीशांना दिसेल असा कागद धरला, आणि विचारलं, "आणि हा? हा कुणी काढला?"

गेनबानं आधी भागीरथीबाईकडे पाहिलं. मग न्यायाधीशांकडे.

"पंतांनी," तो म्हणाला.